धूर आपोआप वर जात नाही

बाहेर जेवायला गेलो की मी मेनूकार्ड उघडत नाही, आधी छताकडे बघतो. माझ्या बायकोला, वसुधाला, याची भयंकर लाज वाटते. "अहो, माणसं बघतायत. पाल आहे का वर?" असं ती दर वेळी विचारते. पाल असती तर मी एवढं बघितलं नसतं. मी बघतो तो त्या हॉटेलच्या धुराचा रस्ता. छत्तीस वर्षं मी तेच काम केलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमची शेड आहे आणि त्या शेडमध्ये हॉटेलांच्या स्वयंपाकघरांची धुराडी बनतात.

धुराडं हा शब्द आता कोणी वापरत नाही. चुलीवर पत्र्याची मोठी टोपी उलटी टांगलेली असते, तिला हूड म्हणतात. तिथून धूर नेणारा पत्र्याचा चौकोनी बोगदा म्हणजे डक्ट. आणि गच्चीवर बसून तो धूर ओढणारा दांडगा पंखा म्हणजे ब्लोअर. एवढाच आमचा धंदा. पण हॉटेल काढणारा माणूस फरशी इटालियन आणतो, दिवे दुबईहून आणतो, आणि उद्घाटनाला आठ दिवस उरले की त्याला आमची आठवण होते. मग आर्किटेक्ट मला समजावतो, "काका, एवढा मोठा डक्ट कशाला? धूर काय, आपोआप वर जातो."

हे वाक्य ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. अहो, धूर गरम असतो तोवर वर जातो. गार झाला की खाली उतरतो आणि बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा ठाण मांडून बसतो. त्याला ओढून न्यावं लागतं. आणि धूर दिसतो तरी, डोळ्यांना झोंबतो तरी. खरा घात करतो तो फुललेला कोळसा. त्यातून जो वायू निघतो त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत तो माणसाला आधी झोप आणतो आणि मग उठूच देत नाही.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायच्या तर हा दिवाळी अंक पुरणार नाही. ठाण्यात खोपटला एसटी डेपोजवळ एक भजीवाले होते. त्यांचा आग्रह असा, की धूर गच्चीवर न्यायचा नाही, सरळ रस्त्यावर सोडायचा. "एसटीतून उतरला माणूस की त्याला वास लागला पाहिजे. वर नेऊन काय कावळ्यांना भजी खायला घालू?" मी तरुण होतो, म्हटलं गिऱ्हाईक म्हणतं तसं. डक्टचं तोंड रस्त्याकडे काढलं. ते नेमकं वरच्या शिंप्याच्या खिडकीखाली आलं. लग्नसराईत एक नवरदेव कांदाभजीचा वास मारणारा सूट घालून बोहल्यावर चढला. शिंपी भांडायला आला तो भजीवाल्याकडे नाही, माझ्याकडे. त्याचं बरोबर होतं. गिऱ्हाइकाला कळत नसतं म्हणूनच ते आपल्याकडे येतं. त्याचं ऐकायचं असतं, पण सगळंच ऐकायचं नसतं.

एवढं शिकूनही कल्याणला माझी चूक झालीच. बाजारपेठेत एक फरसाणवाला होता. खाली कोळशाच्या भट्ट्यांवर कढया, वर लाकडी माळा, आणि माळ्यावर चार बायका पुड्या भरायच्या. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की जेवढी हवा बाहेर ओढायची तेवढीच ताजी हवा आत आली पाहिजे. मी मालकाला म्हटलं, मागची खिडकी मोठी करून जाळी बसवू. तो म्हणाला, मागे गटार आहे, उंदीर येतील, खिडकी नको. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. हूड बसवला आणि निघून आलो.

पुढे काही महिने त्या चौघींची डोकी दुपारी दुखत होती. डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या दिल्या. एक दिवस त्यांतल्या सुमनबाई शिडीवरून उतरताना चक्कर येऊन पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. मी बघायला गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊ, सारखी मरगळ यायची. मला वाटायचं मीच कामचुकार झालेय." त्यांनी पुन्हा काम केलं नाही. करताच आलं नाही.

त्यानंतर मी शेडमधल्या प्रत्येकाला एक वाक्य पाठ करायला लावलं. एकाचं डोकं दुखलं तर ते डोकं, चौघांची दुखली तर ती हवा. आणि दुसरा नियम घातला, की बसवलेलं काम तपासल्याशिवाय आपल्या माणसाने जागा सोडायची नाही. मग मालक चहा देवो नाहीतर शिव्या.

सहा वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी संप केला. शिड्या चढणं बंद झालं आणि मी शेड मंदारच्या हातात दिली. मंदार माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, बारा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेला. हात चांगला, निर्व्यसनी, गिऱ्हाइकाशी गोड. शेड चांगल्या माणसाकडे गेली म्हणून मी निर्धास्त होतो.

आता त्या जेवणाविषयी सांगतो. आठवलं की अजून रक्त तापतं.

माझी नात ईरा दहा वर्षांची झाली. मुलीने, गौरीने, ठाण्यात नव्याने निघालेल्या एका बार्बेक्यू रेस्टॉरंटमध्ये रविवारी दुपारचं टेबल ठरवलं, तिच्या नवऱ्यासकट आम्हा पाच जणांचं. नाव सांगत नाही. जिथे ते उभं आहे तिथे पूर्वी भातखाचरं होती. जागेच्या मालकाने, भोईरने, स्वतःच्या जमिनीवर बांधलेलं. आत शिरलो तर काळोख. भिंती काळ्या, छत काळं, एसी असा की वसुधाने पदर अंगाभोवती लपेटून घेतला. प्रत्येक टेबलाच्या मधोमध भोक, भोकात निखाऱ्यांची शेगडी, आणि शेगडीवर छतातून खाली आलेला हूड.

मी लगेच हूडच्या कडेवर बोट फिरवलं. कड आत वळवलेली होती. आमच्या शेडची खूण. बाकीचे पत्रा कापतात तसाच सोडतात, मग पुसणाऱ्याचा हात फाटतो. आम्ही कड आत वळवतो.

"ईरा, हे आपलं काम आहे बरं का," मी म्हटलं. "मंदारमामाने केलंय."

"सगळं?"

"सगळं. एकूण एक."

माझी छाती फुगली होती, कबूल करतो. ती छाती जेवणाने लगेच खाली बसवली. बार्बेक्यू म्हणजे काय? निखाऱ्यावर भाजलेलं. इथे सगळं आत कुठेतरी आधीच शिजवून ठेवलेलं होतं. वेटर सळया आणायचा, शेगडीवर ठेवायचा आणि ब्रशने तेल फासायचा. ते निखारे फक्त आपल्याला दाखवण्यापुरते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पनीर खोडरबरासारखं. कोंबडी बाहेरून करपलेली आणि मधे थंडगार. मासा म्हणून जे आलं त्याला सॉसची चव होती, माशाची नव्हती. अननसाच्या फोडीवर लाल तिखट टाकून तेही सळईला टोचलेलं. आमच्या आगरी मित्रांच्या घरी, याच पट्ट्यात, मी विस्तवावर भाजलेला बोंबील खाल्लाय. त्याच मातीत उभं राहून हे लोक तिखट लावलेला अननस विकत होते.

"हे काय आहे?" मी वेटरला विचारलं.

"स्टार्टर आहे काका."

"हे जर स्टार्टर असेल तर मला पुढे जायचं नाही."

"अहो, आज तरी गप्प बसा," वसुधा म्हणाली. "पोरीचा वाढदिवस आहे."

मी अननसाची सळई बाजूला सारली. मग पाच-सहा वेटर डफ वाजवत केक घेऊन आले आणि हॅपी बर्थडे ओरडले. शेजारच्या टेबलावरही ओरडले, पलीकडेही ओरडले. त्या दुपारी अर्ध्या ठाण्याचा वाढदिवस असावा. ईराने मेणबत्ती विझवली आणि केक न खाताच टेबलावर डोकं ठेवलं.

"काय झालं गं?" गौरीने विचारलं.

"झोप येतेय. आणि कसंतरी होतंय."

"सकाळी लवकर उठलीय ना," गौरी म्हणाली आणि स्वतःचं कपाळ दाबू लागली. "माझंही जरा ठणकतंय. हा एसी असला, की मला असंच होतं."

वसुधा म्हणाली, "माझंही जड झालंय. मला वाटलं उपाशीपोटी आलो म्हणून."

मी तोपर्यंत त्या माशावर राग काढत बसलो होतो. माझंही डोकं दुखत होतं, ते मी रागाच्या खात्यावर टाकलं होतं. आता मी मान वर करून हॉलभर बघितलं. समोरच्या टेबलावरचे एक गृहस्थ एकामागून एक जांभया देत होते. एका बाईंनी पोराला मांडीवर आडवं केलं होतं. आमचा वेटर, संतोष नाव त्याचं, मुरबाडचा, खांबाला टेकून डोळे मिटून उभा होता.

"संतोष, डोकं दुखतं का रे?"

"दुपारी दुखतं काका. रोजचंच आहे."

"तुझं एकट्याचं?"

"नाही हो, सगळ्यांचंच. मालकदादा गोळ्या ठेवतात ना काउंटरला."

हॉलमध्ये धूर नव्हता, डोळे चुरचुरत नव्हते, वर कुठेतरी ब्लोअर घुमत होता, त्याचा आवाज व्यवस्थित ऐकू येत होता. तरी चौघांची डोकी दुखत होती. चौघांची कसली, सगळ्यांची.

मी उठून काउंटरवर गेलो. तिथे गणपतीपुढे उदबत्त्या होत्या. एक उचलली, पेटवली आणि आमच्या टेबलावरच्या हूडखाली धरली.

ही आमच्या शेडची तपासणी. हवा दिसत नाही, पण उदबत्तीचा धूर दिसतो. ब्लोअर ओढत असेल तर ती बारीक रेघ ताठ वर जाते आणि हूडमध्ये गडप होते. ओढत नसेल तर रेघ डगमगते. पन्नास हजारांचं यंत्र जे सांगतं ते एक उदबत्ती सांगते.

रेघ वर गेली, हूडच्या तोंडाशी थबकली, आणि वळून वसुधाच्या तोंडावर आली.

तेवढ्यात मालक भोईर आले, शेडमुळे मला ओळखणारे. चाळिशीचे, गळ्यात जाड साखळी, चेहऱ्याने भला माणूस. माझ्या हातातली उदबत्ती बघून त्यांनी चक्क हात जोडले.

"काका, पूजा झाली हो आपली. ओपनिंगलाच झाली. तुमच्या मंदारभाऊनी सोता उदबत्ती फिरवली प्रत्येक टेबलाला. आमी नारल फोडला, पेढं वाटलं."

"भोईर, शेगड्या आत्ताच्या आत्ता बाहेर काढा आणि सगळ्यांना उठवा. हवा खराब आहे."

"काय बोलताव काका! रविवार हाय. हॉल भरलाय. जेवाला बसलेल्या मान्साला उठवू कसा?"

"उठवा, नाहीतर मी उठवतो."

"वास तरी येतो का कसला? धूर तरी हाय का? तुमी मोठी मान्सं, पन असं नका बोलू लोकांच्यात. माझा धंदा नवीन हाय."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वादात वेळ जातो. मी खुर्चीवर चढलो, या गुडघ्यांनी, आणि शेडमध्ये ग्राइंडर चालू असताना ज्या आवाजात बोलायचो त्या आवाजात ओरडलो, की इथली हवा विषारी आहे, पोरांना उचला आणि बाहेर चला. एका क्षणात सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मग काय केलं असेल लोकांनी? मोबाइल काढून माझं शूटिंग! एक गृहस्थ म्हणाले, "गुलाबजाम यायचेत अजून." मी त्यांना जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. संतोषने मात्र कोणाला न विचारता दारं उघडली, दोन्ही बाजूंची, आणि चिमट्याने आमची शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली. त्याचं बघून बाकीचे वेटर उठले. मग लोक हलले. काहींनी ताटं बरोबर घेतली.

बाहेर रणरणतं ऊन होतं. ईरा पार्किंगमध्ये उलटी करून मोकळी झाली. गौरीच्या नवऱ्याने तिला जवळच्या डॉक्टरकडे नेलं, तिथे ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत पोरगी टुणटुणीत झाली. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण तुमचा जीव टांगणीला लावून गोष्ट रंगवण्याची मला हौस नाही. पण तेव्हा ईराला गाडीत बसवताना गौरीने माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा, हे आपल्या शेडचं काम आहे ना?"

मी हो म्हटलं. तिने गाडीत बसून दार ओढून घेतलं.

मी संतोषला घेऊन गच्चीवर गेलो. एकेक पायरी शिवी देत चढलो. ब्लोअर धडाडत होता, पट्टा फिरत होता, सगळं कसं जोरात. पण ब्लोअरच्या पोटावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. बाण एकीकडे होता आणि चाक दुसरीकडे फिरत होतं. पंखा उलटा होता.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मोटर तीन वायरींवर चालते. त्यांतल्या दोन वायरींची अदलाबदल झाली, की ती उलटी फिरते. आणि ब्लोअरची मेख अशी, की उलटा फिरला तरी तो आवाज तेवढाच करतो, थरथरतो तेवढाच, वीजही खातो. ओढतो मात्र नावापुरतं. दुरुस्ती दहा मिनिटांची. दोन वायरी काढायच्या, जागा बदलायची, पुन्हा आवळायच्या. त्या दहा मिनिटांपायी हॉटेल उघडल्यापासून तीन महिने ही पोरं डोकेदुखीच्या गोळ्या गिळत होती.

मंदारला फोन केला. तो डोंबिवलीहून मोटरसायकलवर आला, घामाघूम होऊन. त्याने बाणावर बोट ठेवलं आणि चाकाकडे बघितलं.

"काका, आवाज तर येत होता."

"आवाज काय, तुझाही येतो! उदबत्ती लावली नव्हतीस?"

"लावली ना! शपथ लावली. आपली पद्धतच आहे ती. प्रत्येक हूडला तीन-तीनदा ओवाळली."

"ओवाळली?"

"हो. मग नमस्कार केला, मालकाने नारळ फोडला."

"आणि धूर कुठे गेला?"

"कुठला धूर?"

"उदबत्तीचा धूर, मंदार! तो वर गेला की खाली आला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याला देवळातल्या घंटेचं वजन विचारतोय. "ते कशाला बघायचं?"

मग मी जे सुरू झालो! अर्धा तास त्याला फाडून खाल्ला. बारा वर्षं काय झोपा काढल्यास, शेडचं नाव बुडवलंस, माझी नात आत होती, सगळं. संतोष पाण्याच्या टाकीआड जाऊन उभा राहिला. शेवटी मी दम घ्यायला थांबलो तेव्हा मंदार हळूच म्हणाला, "काका, तुम्ही कधी सांगितलंच नाहीत, की ते बघायचं असतं. तुम्ही म्हणायचात, 'चला, नमस्कार करा आणि भट्टी पेटवा.' मला ते आपल्या शेडचं शुभकार्य वाटायचं."

आणि मी खरंच तसंच म्हणायचो.

झालं होतं असं. तपासणी सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी ठाण्यातल्या एका उडपी हॉटेलात मी हूडखाली उदबत्ती धरली, तर मालकाने चपला काढल्या, बायकोला बोलावलं, दोघांनी हात जोडले. मला हसू आलं. म्हटलं, असू दे, निदान पाच मिनिटं शांत उभे तरी राहतील. पुढे सगळीकडे तेच होऊ लागलं. कोणी नारळ आणायचा, कोणी हार. मला ते आवडायला लागलं, खरं सांगतो. एरवी पत्रेवाला म्हणजे मागच्या दाराने येणारा माणूस, जाताना फरशी पुसून जा म्हणून सांगितलं जाणारा. त्या पाच मिनिटांत मात्र मी गुरुजी असायचो. मी धूर बघायचो आणि बाकीचे मला बघायचे. मंदार बारा वर्षं माझ्या मागे हात जोडून उभा राहिला. एकदाही मागे वळून मी त्याला म्हटलं नाही, की अरे, डोळे मिटू नकोस, उघडे ठेव. मला वाटायचं, इतकं उघड आहे, सांगायचं काय त्यात? माझं सगळं पाठांतर, सगळे नियम शेडसाठी, आणि जी एक गोष्ट डोळ्यांनी दाखवायची तीच मी दाखवली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या दिवसापर्यंत मी आर्किटेक्टांवर चिडायचो, मालकांवर चिडायचो. आता चिडायला घरचंच माणूस मिळालं, आणि आरशात बघून चिडण्यात काही मजा नसते.

वायरी बदलल्या. ब्लोअर सुलटा फिरला तेव्हा त्याचा आवाज जेमतेम बदलला. खाली मात्र हूडने उदबत्तीची रेघ अशी ओढून घेतली, की भोईर दोन पावलं मागे सरकले. "काका, आमी त्या पोरांना गोल्या देत व्हतो," एवढंच ते म्हणाले. आठ दिवस त्यांनी हॉल बंद ठेवला. मला त्यांचा राग येईना. त्यांनी माझ्याच शेडवर विश्वास ठेवला होता.

गच्चीवरून उतरताना मंदारने विचारलं, "काका, बाकीच्या ठिकाणी?"

सहा वर्षांची कामं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरलेली. दुसऱ्या दिवशी आम्ही वही काढली आणि मोटरसायकलवर निघालो, त्याच्या मागे मी. वाटेत मंदार म्हणाला, "काय सांगायचं लोकांना? मोफत सर्व्हिसिंग सांगूया. उगाच नाव कशाला खराब करायचं? बाकी सगळं ठीकच असणार."

मी हो म्हटलं. हेही लिहून ठेवतो, की मी हो म्हटलं.

पहिली कामं ठीक निघाली. ज्या ठिकाणी वायरी बरोबर जोडल्या गेल्या होत्या त्या नशिबाने बरोबर होत्या, आमच्या तपासणीने नव्हे. लोकांनी कौतुक केलं, की आजकाल कोण असं फुकट बघायला येतं. मंदारचा चेहरा दिवसागणिक सुधारत गेला. मीही रात्री झोपू लागलो.

मग कल्याण पश्चिमेला एका गल्लीतलं पोळीभाजी केंद्र आलं. शिंदेबाई म्हणून पन्नाशीच्या बाई चालवतात. नवरा नाही, मुलगा पुण्याला नोकरीला. कोळशाच्या शेगडीवरच्या भाकऱ्या ही त्यांची खासियत. छोटंसं स्वयंपाकघर, आत त्या आणि एक मदतनीस बाई. मी उदबत्ती धरली आणि धूर सरळ खाली आला. मंदार शिडी लावून मागच्या भिंतीवर चढला आणि बराच वेळ उतरेना. डक्टच्या बाहेरच्या तोंडावर काम चालू असताना पाऊस आत येऊ नये म्हणून बांधलेलं प्लास्टिक तसंच होतं. सुतळीसकट. आमच्याच हाताची गाठ.

"बाई, डोकं दुखतं का तुमचं?" मी विचारलं.

त्या चमकल्या. "तुम्हाला कसं कळलं? आठ महिने झाले. दोनदा चष्मा बदलला. डॉक्टर म्हणाले मेंदूचा फोटो काढा. मी अजून काढला नाही. खरं सांगू, भीती वाटते हो. काही निघालं तर? माझ्या बहिणीचं तसंच झालं होतं. मुलालाही मी सांगितलेलं नाहीये."

मंदारने प्लास्टिक फाडून काढलं आणि हूडने घोंगावत हवा ओढायला सुरुवात केली. मी त्यांना सांगितलं, की तुमच्या डोक्याचं कारण बहुतेक हे आहे, हवा कोंडली होती. डॉक्टरला दाखवाच, पण हेही सांगा. त्या खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या, मग रडता रडता हसायला लागल्या. मुलाला फोन लावला. "अरे, मला काही झालेलं नाहीये, हवा कोंडली होती नुसती! तू नको येऊस धावत, मी मस्त आहे," असं ओरडून ओरडून सांगितलं. मग आम्हाला म्हणाल्या, "देवासारखे आलात. बसा, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही," आणि आतल्या खोलीत चहा ठेवायला गेल्या.

मंदारने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, काका, राहू द्या आता. बाई आनंदात आहेत. आणि मला तो आनंद ऐकू येत होता. आत त्या मदतनीस बाईला सगळं पुन्हा सांगत होत्या, कपबश्या काढत होत्या, आल्याचा वास येत होता.

त्या बिस्किटांची बशी घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी उभा राहिलो.

"बाई, देव वगैरे नाही. ते प्लास्टिक आमच्या माणसांनी बांधलं होतं आणि आम्ही काढलं नाही. काम झाल्यावर तपासायला हवं होतं, ते तपासलं नाही. तुमचे आठ महिने आमच्यामुळे गेले."

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी मंदारकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी बिस्किटांची बशी उचलली आणि आत गेल्या. चहाखालचा गॅस बंद केल्याचा आवाज मला बाहेर स्पष्ट ऐकू आला.